चौदावा हिस्सा

मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यावर दुपारी एक वेळ अशी यायची की कुणालाच काही काम नसायचं. सकाळचे सौदे उरकलेले, भरलेल्या गाड्या मार्गी लागलेल्या, हमाल थप्पीच्या सावलीला तोंडावर टॉवेल टाकून आडवे झालेले. हवेत तुरीच्या टरफलांची धूळ, शेजारच्या गाळ्यावरच्या गुळाचा आंबूसगोड वास आणि तागाच्या पोत्यांचा तो दमट वास, जो कपड्यांतून थेट घरापर्यंत यायचा. परीक्षा संपल्या की अण्णा मला तिथं आणून बसवायचे, "चार पैशांचा व्यवहार कळू दे" म्हणून. व्यवहार किती कळला देव जाणे, पुस्तकं मात्र बरीच वाचून झाली. अशाच एका दुपारी मी टोल्किनचं ‘द हॉबिट’ घेऊन बसले होते. मुखपृष्ठावर सोन्याच्या राशीवर पहुडलेला ड्रॅगन. दिवाणजीकाकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, रोजकीर्द मिटली आणि विचारलं, "हा धनावरचा नाग म्हणायचा का, ताई?"

"तसंच काहीसं, काका."

"मग करतो काय एवढ्या धनाचं? व्याजानं लावतो?"

"नाही हो. नुसता बसतो त्याच्यावर."

हे त्यांना काही पटलं नाही. जागच्या जागी पडून राहिलेला पैसा ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. तपकिरीची डबी उघडून त्यांनी पुन्हा बंद केली. मग म्हणाले, "बरं, राहिलं. पण तो मेल्यावर ते धन कुणाचं?"

मी निम्म्यातच होते. अजून मेला नाहीये, म्हणून सांगितलं. त्यांनी रोजकीर्द पुन्हा उघडली आणि विषय त्यांच्यापुरता मिटला. मला मात्र तो प्रश्न कुसळासारखा टोचत राहिला. पुढचं सगळं पुस्तक मी दिवाणजींच्या चष्म्यातून वाचलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर एकही अद्भुतकथा मला तो चष्मा उतरवून वाचता आलेली नाही.

गंमत अशी की दिवाणजींनी मुखपृष्ठ पाहून जे विचारलं, तोच त्या पुस्तकाचा खरा पेच निघाला. एकूण १९ प्रकरणं. ड्रॅगन मरतो १४व्या प्रकरणात. गोष्टीच्या रिवाजाप्रमाणे तिथं नगारे वाजावेत, राजपुत्राला राज्य मिळावं आणि साठा उत्तरांची कहाणी सुफळ संपूर्ण व्हावी. इथं मात्र ड्रॅगन मेल्यावर खरी भानगड सुरू होते. १९३७ साली मुलांसाठी म्हणून छापलेल्या या पुस्तकात त्यापुढं दावे आहेत, प्रतिदावे आहेत, नाकेबंदी आहे, तारण म्हणून ठेवलेलं एक रत्न आहे. अद्भुतकथा म्हणजे पोटापाण्याच्या प्रश्नांपासून काढलेली पळवाट, असं म्हणणारी मंडळी भेटली की मला वाटतं, यांनी फक्त तलवारीची पानं वाचली असावीत.

पुस्तकाची सुरुवातसुद्धा एका कागदानं होते. बिल्बो नावाचा खाऊनपिऊन सुखी हॉबिट, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीच्या एका जातीतला. त्याच्या घरी आदल्या रात्री तेरा बुटके जेवून गेलेत, आणि सकाळी घड्याळाखाली त्यांची चिठ्ठी सापडते. चिठ्ठी लिहिलीय बिल्बोच्याच कागदावर, म्हणजे लेखनसामग्रीचा खर्चही यजमानाच्या माथी. मजकूर पक्का व्यापारी. मोबदला माल हाती आल्यावर रोख. नफा झाला तर त्याच्या चौदाव्या हिश्श्यापर्यंत, त्याहून जास्त नाही. प्रवासखर्च कसंही झालं तरी मिळणार. आणि तशीच वेळ आली तर अंत्यविधीचा खर्चही देऊ. चोरी करायला निघालेल्या टोळीनं चोराशी केलेला हा करार. हे मी दिवाणजींना वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले. "सही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं. थोरिन आणि मंडळी, मी सांगितलं. "म्हणजे पेढी आहे," ते म्हणाले, आणि तिथून त्यांचा बुटक्यांबद्दलचा आदर वाढला तो वाढलाच.

या बुटक्यांचं मूळ गाव म्हणजे एक डोंगर. त्यांचा म्होरक्या थोरिन, त्याच्या आजोबांच्या काळात त्यांनी डोंगराच्या पोटात खाणी खणल्या, सोनं काढलं, रत्नं घडवली. पायथ्याशी डेल नावाचं माणसांचं गाव होतं, आणि तिथला खेळण्यांचा बाजार उत्तरेत नावाजलेला होता. थोरिन हे सगळं सांगतो तेव्हा ओघात एक वाक्य बोलून जातो, ज्यावर वाचक सहसा थांबत नाही. राजेरजवाडे आमच्या कारागिरांना बोलावून घ्यायचे, बाप आपल्या पोरांना आमच्याकडे शिकाऊ म्हणून ठेवायचे, आणि मोबदल्यात आम्हाला मुख्यतः धान्यधुन्य मिळायचं, जे पिकवायच्या किंवा शोधायच्या फंदात आम्ही कधी पडलोच नाही. एवढं सोनं पायाखाली आणि घरात एक दाणा स्वतःचा नाही! पण त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, वाटायचं कारणही नव्हतं. त्यांनी चिलखत घडवावं, खालच्यांनी गहू पेरावा, आणि दोघांची संध्याकाळ चांगली जावी. डोंगराला शेताची गरज होती आणि शेताला डोंगराची.

मग तिथं ड्रॅगन आला. त्यानं सोनं लुटलं, हे सगळ्यांना आठवतं. सोनं तर जागच्या जागीच राहिलं, अगदी त्याच डोंगरात. गेली ती खालची वस्ती, खेळण्यांचा बाजार, शिकाऊ पोरं, नदीवरच्या नावांची वर्दळ. टोल्किन ड्रॅगनच्या जातीबद्दल जे लिहितो ते वाचताना मला यार्डातली एकदोन माणसं आठवली, नावं घेणार नाही. लुटलेल्या मालावर ते मरेस्तोवर पहारा देतात, पण त्यातली पितळेची अंगठीसुद्धा कधी उपभोगत नाहीत. चांगल्या आणि वाईट कारागिरीतला फरक त्यांना धड कळत नाही, बाजारभाव मात्र बरोबर ठाऊक असतो. स्वतःला काही बनवता येत नाही, अंगावरचा सैल झालेला खवलासुद्धा नीट करता येत नाही. बिल्बो त्या राशीतून एकच पेला उचलून नेतो, तर स्मॉग, म्हणजे हा ड्रॅगन, झोपेतून उठून असा पिसाळतो की आख्खा डोंगर हादरतो. वापरायचा नव्हता, हवासा नव्हता, पण मोजणीत कमी आला.

तरी या ड्रॅगनला मी अडाणी म्हणणार नाही. बिल्बोशी बोलताना तो एका वाक्यात आख्ख्या मोहिमेचा हिशेब चव्हाट्यावर आणतो. समजा तू थोडं थोडं करून सोनं चोरलंस, तो म्हणतो, पण नेणार कसं? पोचवायचं कुणी? गाडीभाडं? वाटेतले हत्यारबंद राखणदार? आणि जकात? चौदावा हिस्सा ठरलाय ना तुझा? त्याची वाहतूक कोण करणार होतं? बिल्बो गप्प. तेराही बुटक्यांनी महिनोन्‌महिने चालताना याचा विचार केलेला नव्हता. ज्या घरात मालवाहतुकीच्या हुंडेकऱ्यांचे फोन जेवणाच्या ताटावर येतात, जिथं जकात नाक्यावर अडकलेल्या ट्रकनं दिवाळी खाल्ल्याच्या गोष्टी आजही सांगतात, तिथं वाढलेल्या मुलीला ड्रॅगनची भीती वाटायची ती या प्रश्नाला वाटली. आग ओकणं काय, कुठलाही राक्षस ओकतो. भाड्याचं विचारणारा राक्षस वेगळाच.

पण मला या पुस्तकात खरी सापडली ती पिंपं.

बुटके अरण्यातल्या एल्फांच्या, म्हणजे तिथल्या वनवासी अद्भुत जमातीच्या, राजाच्या कैदेत पडतात. बिल्बो जादूच्या अंगठीमुळे अदृश्य होऊन राजवाड्यात फिरत राहतो आणि त्यांना सोडवायचा मार्ग शोधतो. दारं बंद, जादूची. पहारे कडक. अखेर सुटकेची वाट सापडते ती तळघरात. राजाला दारू प्रिय, पण त्या रानात द्राक्षं पिकत नाहीत. दारू येते लांब दक्षिणेकडून, सरोवरातल्या माणसांच्या गावामार्गे, पिंपांत भरून, नदीच्या उलट्या धारेनं ढकलत ढकलत. आणि पिंपं रिकामी झाली की तळघराच्या जमिनीतली झडप उघडून ती खालच्या ओढ्यात सोडून देतात. ती वाहत वाहत रानाच्या कडेला जातात, तिथं गोळा होतात, एकमेकांना बांधली जातात आणि तराफा करून सरोवरातल्या गावी परत जातात. पुन्हा भरण्यासाठी. चित्रपटात याच प्रसंगाचं घसरगुंडीसारखं थरारनाट्य केलंय, उड्या, बाण, लाटा. पुस्तकात ते फार साधं आहे. तेरा बुटके रिकाम्या पिंपांत गवत कोंबून बसवले जातात आणि नेहमीच्या मालाबरोबर नेहमीच्या वाटेनं रवाना होतात. मी ते वाचलं आणि पुस्तक खाली ठेवून समोर पाहिलं. समोर बारदान होतं.

भुसाराच्या धंद्यात माल येतो आणि जातो, बारदान फिरत राहतं. आमच्या गाळ्याच्या मागच्या भिंतीला रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे लावलेले असायचे. चांगलं वेगळं, टाक्याचं वेगळं, पावसात भिजून काळवंडलेलं वेगळं. एखादं पोतं पसरून पाहिलं तर त्यावर निळ्या-लाल शाईत तीन-तीन गावच्या व्यापाऱ्यांचे शिक्के एकावर एक उमटलेले दिसायचे. लातूरची तूर घेऊन आलेलं पोतं इथून ज्वारी घेऊन गेलेलं, तिथून आणखी कशाला तरी. भोक पडलं की हमाल दाभण आणि सुतळी घेऊन बसायचा आणि चार टाक्यांत ते पुन्हा कामाला लागायचं. वजन करताना बारदानाची घट वेगळी धरायची, वहीत बारदानाचं खातं वेगळं असायचं, आणि माल कितीही चोख असला तरी बारदानावरून वर्षानुवर्षांच्या ओळखीत वितुष्ट आल्याचं मी पाहिलंय. प्लास्टिकच्या गोण्या आल्यावर त्यातलं बरंच संपलं. पण रिकामं पोतं परत पाठवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं. ते मला टोल्किनच्या तळघरात कळलं. भरलेलं पिंप एकदाच्या सौद्यातही येऊ शकतं, जबरदस्तीनंही येऊ शकतं, लुटूनही येऊ शकतं. रिकामं पिंप आपणहून परत जातं ते मात्र पुढच्या खेपेच्या भरवशावरच.

टोल्किन सांगतो की हे एल्फ शेतीच्या किंवा व्यापाराच्या फारशा नादी लागत नसत. म्हणायला ठीक आहे. तळघर मात्र दुसरंच काही सांगतं. सरोवरातल्या माणसांचं आणि एल्फांचं नदीवरच्या जकातीवरून अधूनमधून वाजायचं, पण एरवी दोस्ती. हे मला विलक्षण खरं वाटतं. जिथं जकातीवरून कधीच वाजत नाही तिथं व्यापारच नसतो. आणि त्या रात्रीचा तो तपशील: पिंपं ढकलणारे एल्फ कुरकुरतात की ही रिकामी म्हणता पण जड लागतायत. कोठारावरचा माणूस दारू पिऊन नुकताच उठलेला, तो त्यांनाच आळशी ठरवतो. रिकामं बारदान काट्यावर घालायची तिथं पद्धत नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर तेरा बुटके वाचले.

सरोवरातलं गाव, एस्गारोथ, पाण्यात लाकडी खांब रोवून त्यावर उभं आहे. दुष्काळात पाणी उतरलं की जुन्या, मोठ्या गावाचे कुजलेले खांब वर दिसतात. डेल भरभराटीत होतं तेव्हा हे गाव श्रीमंत होतं, नावांचे ताफे होते. आता दक्षिणेकडून येणाऱ्या मालावर बरं चाललंय, इतकंच. जुन्या दिवसांची गाणी आहेत, डोंगरातला राजा परत येईल आणि नद्यांतून सोनं वाहील अशी. थोरिन तिथं ओला चिंब होऊन उगवतो तेव्हा लोक त्याला डोक्यावर घेतात, खाऊपिऊ घालतात, होड्या आणि तट्टं देतात. गावचा कारभारी मात्र मनात आकडेमोड करतोय. गाण्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. जकात, माल आणि सोनं यांवर डोकं चालवतो म्हणून तो त्या खुर्चीवर बसलाय, असं लेखकच सांगतो. पहिल्या वाचनात मला तो आवडला होता. गाण्यावर भुलणाऱ्या गर्दीत एक तरी हिशेबी माणूस. शेवटी हाच माणूस गावाच्या मदतीसाठी आलेलं सोनं घेऊन पळतो आणि ओसाड माळावर, सोबत्यांनी टाकून दिल्यावर, उपाशी मरतो. म्हणजे निव्वळ हिशेबीपणाचंही टोल्किनला फारसं कौतुक नाही.

तर ड्रॅगन मरतो. मारतो बार्ड नावाचा तिरंदाज, पण मरता मरता स्मॉग आख्खं गाव जाळून पाण्यात घालतो. थंडी तोंडावर, घरं गेलेली, माणसं काठावर उघडी पडलेली. एल्फ राजा खरं तर सोन्याच्या वासानं निघालेला, पण बार्डचा निरोप मिळताच वाट वाकडी करून बरंच सामान पाण्याच्या वाटेनं त्यांच्याकडे पाठवतो. मग दोघं डोंगरापाशी येतात, आणि बार्ड जे मांडतो तो मला आजवर वाचलेला सगळ्यात नीटस दावा वाटतो. एक, ड्रॅगन मी मारला, धन मोकळं झालं ते माझ्यामुळे. दोन, मी डेलच्या राजाचा वंशज आहे आणि त्या राशीत आमच्या घरांतला मालही मिसळलेला आहे. तीन, तुम्ही संकटात होतात तेव्हा सरोवराच्या लोकांनी तुम्हाला आसरा दिला, आणि तुमच्यामुळे ते देशोधडीला लागले. तीन वेगवेगळ्या जातीचे हक्क: श्रमाचा, वारसाचा आणि उपकाराचा. थोरिनचं उत्तरही अगदी टाकाऊ नाही. मालाचे आणि मदतीचे पैसे योग्य वेळी देऊ, पण दारात सैन्य उभं असताना भाकरीच्या तुकड्याइतकंही देणार नाही. आणि आम्ही मेलेले सापडलो असतो तर आमच्या नातलगांना तुम्ही किती हिस्सा दिला असता, हेही जरा सांगा. दोन्ही बाजू वाचताना माझी मान दोन्हीकडे हलत होती.

या जागी मला दुसरं एक जग आठवतं, भाच्यामुळे पाठ झालेलं. हॅरी पॉटरच्या शेवटच्या भागात गॉब्लिन नावाच्या कारागीर जातीचा एक नियम कळतो: वस्तू कायम घडवणाऱ्याची. विकत घेणाऱ्यानं फक्त त्याच्या हयातीपुरती ती घेतलेली असते. तो मेला की परत करायची. न करता पोराबाळांना देऊन टाकली तर ती त्यांच्या लेखी चोरीच. भाच्याला हे हास्यास्पद वाटलं. मला ते थोरिनच्या राशीशेजारी ठेवल्यावर तितकंसं हास्यास्पद वाटलं नाही. ‘ते धन कुणाचं’ याला एकच उत्तर असतं असं आपण धरून चालतो आणि तिथंच घोडं पेंड खातं.

थोरिन भिंत बांधून आत बसतो. एक म्हातारा डोमकावळा त्याला बजावतो की हिवाळा येतोय, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा स्नेह नसेल तर तुम्ही खाणार काय. थोरिन ऐकत नाही. तसाच बसून राहतो. आख्ख्या उत्तरेतलं सोनं मांडीखाली आणि ताटात रोज तेच, कोरडं, चावून चावून जबडा दुखवणारं टिकाऊ बिस्किट. पुस्तकात कुणीही म्हणत नाही की आता डोंगरावर दुसरा ड्रॅगन बसलाय. म्हणायची गरज पडत नाही.

बिल्बो मग राशीतलं सगळ्यात मोलाचं रत्न खिशात घालून रात्री दोर लावून उतरतो आणि ते बार्डच्या हवाली करतो, घासाघीस करायला हाती काही असावं म्हणून. स्वतःच्याच मालकांचा माल. त्याची सफाई अशी की माझा चौदावा हिस्सा मी यातच धरला. आता आकडे पाहा. बार्डची मागणी होती बाराव्या हिश्श्याची. रत्न परत मिळवण्यासाठी थोरिन द्यायला तयार झाला तो चौदावा. दिवाणजींनी पाकिटाच्या पाठीवर लगेच वजाबाकी करून दाखवली: फरक चौऱ्याऐंशीव्या हिश्श्याचा. "एवढ्यासाठी फौजा?" ते म्हणाले. अर्थात थोरिनच्या मनात तेवढंही द्यायचं नव्हतं. भाऊबंद डेन पाचशे बुटके घेऊन निघालेला होता, तो पोचला की रत्न जोरावर काढून घेऊ, हा हिशेब. म्हणजे सौदा आकड्यावर अडलेलाच नव्हता. यार्डात मी असे सौदे पाहिलेत. पाच रुपयांवर अडलेत असं वाटतं, आणि नंतर कळतं की दोघांच्या बापांचं कधीतरी एका लग्नात वाजलं होतं.

आणि मग उत्तरेकडून गॉब्लिन येतात.

इथं मला दर वाचनात अस्वस्थ व्हायला होतं. तीन सैन्यं एकमेकांवर धावून जाणार तोच चौथं येतं, सगळ्यांचं वैरी, आणि क्षणात बुटके, एल्फ आणि माणसं एका बाजूला. भांडण मिटलं म्हणावं तर मिटलेलं नसतं. तडजोडीला पोचण्याआधीच त्यांना सामायिक शत्रू मिळाला. गॉब्लिनांना या पुस्तकात कुणी कधी पोतंभर धान्य विकलेलं नाही. ते उत्तम खाणी खणतात, हत्यारं बनवतात, पण काम करून घेतात कैद्यांकडून आणि गुलामांकडून, आणि लागेल ते लुटून आणतात. त्यांच्याकडे रिकामं पिंप परत पाठवणारं कुणी नाही. त्यांना बाजाराच्या बाहेर ठेवलंय म्हणून आतल्यांची एकी शक्य होते, हे मला पटतं आणि आवडत नाही. सहकार्याच्या गोष्टी सांगताना आपण बहुतेक वेळा हाच जोड देतो, बाहेर कुणीतरी दात विचकून उभा आहे असं सांगून. तो नसता तर या तिघांनी चौऱ्याऐंशीव्या हिश्श्यावर कधीतरी बसून बोलणी केली असती का? थोरिन शहाणा होतो, पण मरणाच्या दारात. खाणंपिणं आणि गाणं यांना साठवलेल्या सोन्याहून जास्त किंमत देणारे आणखी लोक असते तर जग जास्त आनंदी असतं, असं तो बिल्बोला सांगतो. मला नेहमी वाटतं, हे त्याला बिल्बोच्या घरी जेवताना सुचायला हवं होतं. ताट समोरच होतं.

पुस्तक संपवल्यावर मी दिवाणजींना निकाल सांगितला. डोंगर डेनकडे गेला आणि त्यानं धनाचा चौदावा हिस्सा बार्डला दिला. दिवाणजी चमकले. "चौदावा तर त्या हॉबिटचा होता ना? करार त्याच्याशी." मग त्यांना सांगितलं की बिल्बोनं रत्न बार्डला दिलं होतं, म्हणून त्याचा हिस्सा त्या बाजूला गेला. त्यांनी क्षणभर विचार केला, समाधानानं मान हलवली. "म्हणजे वर्ग केला. चालतं." मेलेल्या थोरिनचा शब्द दुसऱ्या राजानं पाळला, करारात लिहिलेला आकडा तसाच राहिला, फक्त खातं बदललं. युद्ध, रत्न, गरुडांचे थवे, या सगळ्यातलं दिवाणजींना भावलं ते एवढंच. बिल्बो स्वतः घरी नेतो दोन लहान पेट्या, एक चांदीनं भरलेली, एक सोन्यानं, एका दणकट तट्टाला पेलतील इतक्याच. जास्त नेलं असतं तर वाटेत खूनखराबा झाला असता, असं त्याचं म्हणणं. स्मॉगनं विचारलेल्या भाड्याच्या प्रश्नाचं हे उत्तर. परतीच्या वाटेवर तो एल्फ राजाला चांदी-मोत्यांचा हार देतो, अदृश्य असताना त्याच्या वाड्यातली भाकरी खाल्ली आणि दारू प्यायली त्याबद्दल. राजाला त्या भाकरीचा पत्ताही नव्हता. आणि घरी पोचतो तर दारात लिलाव चाललेला, मेला समजून. स्वतःचंच फर्निचर त्याला पैसे मोजून सोडवावं लागतं.

दिवाणजींना गोष्टीची चटक लागली खरी, पण त्यांचं मत होतं की आपल्याकडच्या गोष्टी जास्त मुद्द्याच्या असतात. म्हणून मी त्यांना मूषक नावाच्या व्यापाऱ्याची सांगितली. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरात बसून कथासरित्सागर रचला, पण त्याचं मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत, आणि गुणाढ्य प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. तो नगरात शिरतो तेव्हा कुठं वेदपठण चाललंय, कुठं जुगार, आणि एका घोळक्यात व्यापारी आपापल्या हुशारीच्या बढाया मारतायत. त्यातला एक म्हणतो, भांडवलानं कुणीही पैसा करील, मी भांडवलाशिवाय केला. बाप जन्माआधी गेलेला, भाऊबंदांनी सगळं गिळलेलं, आईनं लिहिणं आणि हिशेब तेवढा शिकवून घेतलेला. तो विशाखिल नावाच्या सावकाराकडे जातो. सावकार कुणा पोराला झापत असतो की तो मेलेला उंदीर बघ, हुशार माणूस त्याच्याही भांडवलावर पैसा करील. हा पुढं होतो आणि म्हणतो, मग हा उंदीर मी भांडवल म्हणून घेतला. आणि पावती लिहून देतो. मेलेल्या उंदराची. सावकार हसतो, पण पावती पेटीत ठेवतो. इथं दिवाणजी सरसावून बसले.

उंदीर जातो एका व्यापाऱ्याच्या मांजरासाठी, दोन ओंजळी हरभऱ्यांच्या बदल्यात. हरभरे दळून, पाण्याचा घडा घेऊन हा पोरगा गावाबाहेर चौरस्त्यावर सावलीत उभा राहतो. लाकूडतोडे येतात, दमलेले. हा त्यांना अदबीनं पाणी आणि हरभरे देतो. भाव सांगत नाही. ते जाताना प्रत्येकी दोन-दोन लाकडं ठेवून जातात. ती विकून आणखी हरभरे, आणखी लाकडं, रोज तेच. गाठीशी चार पैसे जमल्यावर तो त्यांची तीन दिवसांची सगळी लाकडं विकत घेतो. आणि एकाएकी धो धो पाऊस, लाकडांची टंचाई, शेकडो पणांना, म्हणजे त्या काळच्या नाण्यांना, विक्री. दुकान, मग मोठा व्यापार. शेवटी सोन्याचा उंदीर करून विशाखिलाला देतो, कर्जफेड म्हणून, आणि विशाखिल त्याला मुलगी देतो.

ऐकायला झकास गोष्ट, पण तीन दिवसांच्या लाकडांपाशी मी अडखळते. तूर कडाडली की साठ्यावर मर्यादा येते आणि अधिकारी गाळ्यावर थप्प्या मोजायला उभे राहतात. त्या दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मग मूषकानं केलं ते काय? स्मॉगसारखा तो बसून राहिला नाही, हे मान्य. पावसात त्याची लाकडं बाजारात आली, कुणाची तरी चूल पेटली. पण शेकडो पणांना. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, साठा करण्यात पाप नाही, पाऊस येणार हे ठाऊक असून समोरच्याला अंधारात ठेवलं तर वेगळी गोष्ट. सोमदेव ‘एकाएकी’ म्हणून मोकळा होतो. लाकूडतोड्यांनी त्या पावसात घरी काय जाळलं, तेही तो सांगत नाही.

सोन्याचा उंदीर सावकाराला पोचला. ज्यांच्या दोन-दोन लाकडांवर हे सगळं उभं राहिलं, त्यांच्या नावानं गोष्टीत काही जमा नाही. दुकान झाल्यावर चौरस्त्यावरचा पाण्याचा घडा त्यानं चालू ठेवला की बंद केला, याचाही उल्लेख नाही. माझा अंदाज, बंद केला असणार. दिवाणजींचंही तेच मत पडलं. अण्णांना मात्र खात्री होती की ठेवला असणार. लाकूडतोडे त्या वाटेनं रोज यायचे, आणि माल आणणाऱ्याला पाणी विचारलं नाही तर उद्या त्याची गाडी शेजारच्या गाळ्यावर उतरते.